पंखा की शर्ट?



गेल्या रविवारी बहिणीकडे गेले होते. चहाचा कप हातात घेतेय, तोच आतून भाचीचा रडवेला आवाज आला, "मावशी, तूच सांग! माझा वीर कायमचा दगड झाला का गं?"

आत चार मुलं गोल करून बसलेली. मध्ये कागद, पेन्सिली आणि वीस बाजूंचा फासा. खेळ होता 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी तो १९७४ साली काढला. यात प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं. एक जण गोष्ट पुढे नेतो, त्याला म्हणतात डन्जन मास्टर. काय जमलं आणि काय फसलं, हे फासा ठरवतो.

भाचीचं पात्र म्हणजे एक बुटका योद्धा. दीड वर्ष जपलेला. एका दुष्ट जादूगाराने मंत्र टाकून त्याचा पार दगड केला होता. भाचीच्या मैत्रिणीला 'अँटीमॅजिक फील्ड' हा मंत्र येत होता. तो म्हटला की म्हणणाऱ्याभोवती १० फुटांपर्यंत सगळी जादू बंद पडते. मैत्रीण म्हणाली, "मी पुतळ्याजवळ जाऊन उभी राहते. जादू बंद, की दगडही बंद!" डन्जन मास्टर होता भाचीचा मोठा भाऊ. तो म्हणाला, "छे! दगड तो दगडच." झालं, भांडण जुंपलं.

मला काही हा खेळ येत नाही. मग मी वर्गात करते तेच केलं. विचारलं, "वीज गेली की पंख्याचं काय होतं?"

"थांबतो."

"आणि सकाळी इस्त्री केलेल्या शर्टाचं?"

मुलं हसली. "त्याला काय होणार? तो तसाच राहतो."

बघा हं. पंख्याला वीज सतत लागते. इस्त्रीचं काम मात्र होऊन गेलेलं असतं. मैत्रिणीचं वर्तुळ म्हणजे जादूची वीज घालवणं. त्यात जादू मोडत नाही, नुसती थांबते. वर्तुळ बाजूला गेलं की पुन्हा सुरू! मग खरा प्रश्न एवढाच, की दगड होणं हा पंखा आहे की शर्ट?

दोघांची पुस्तकं मागितली आणि गंमत कळली. भाऊ वाचत होता २००३ सालचं. त्यात हा मंत्र क्षणात पुरा होतो. जादू येते, काम करते आणि निघून जाते. उरतो तो साधा दगड. बंद पाडायला जादू शिल्लकच नाही. म्हणजे शर्ट! त्याला आपल्या गोष्टींतल्या उःशापासारखा उलटा मंत्रच हवा.

मैत्रिणीचं पुस्तक होतं २०१४ सालचं. त्यात जादूगाराला मिनिटभर मन एकाग्र ठेवावं लागतं. मिनिट पुरं झालं की समोरचा 'परिणाम काढेपर्यंत' दगड. म्हणजे परिणाम अजून चालू आहे, असं धरता येतं. पंखा!

दोघंही आपापल्या पुस्तकाप्रमाणे बरोबर होते. पण दीड वर्षापूर्वी खेळ कोणत्या पुस्तकावर सुरू केला होता? २०१४ च्या. भाऊ थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "माझं चुकलं. पंखाच."

वीराने वर्तुळात डोळे उघडले. भाचीने टाळी वाजवली आणि लगेच तिचा चेहरा उतरला. कारण ते वर्तुळ मैत्रिणीबरोबर फिरतं आणि फार तर तासभर टिकतं. त्याच्या बाहेर पाऊल पडलं, की वीर पुन्हा दगड. त्याला कायमचा बरा करणारा मंत्र चौथ्या गड्याकडे होता. त्यासाठी लागणारी १०० सुवर्णमुद्रांची हिऱ्यांची पूडही होती. पण वर्तुळात तो मंत्रही चालेना! म्हणजे वीर सुटायचा, तर आधी वर्तुळ मोडायचं आणि त्याला पुन्हा दगड होऊ द्यायचं.

भाची बराच वेळ फासा हातात फिरवत बसली. मग मैत्रिणीला म्हणाली, "मोड. पण सगळ्यांनी पुतळा घट्ट धरा हं. पडून हात तुटला, तर माणूस झाल्यावरही तुटकाच राहील."

सगळ्यांनी धरला. वर्तुळ मोडलं, वीर दगड झाला, चौथ्या गड्याने मंत्र म्हटला आणि वीर उठून उभा राहिला! माझा चहा तोवर पार गार झाला होता.

तेव्हा मुलांनो, भांडण झालं की "तू खोटारडा" म्हणण्याआधी एक बघा. आपण दोघं एकच पुस्तक वाचतोय ना? आणि आईबाबांनो, फाशांवरून आवाज चढले तर लगेच "आवरा तो पसारा" म्हणू नका. थोडं थांबा. मुलं नियम नीट वाचायला आणि आपली चूक कबूल करायला शिकत असतील.

आता तुमच्यासाठी कोडं. २०१४ च्या पुस्तकात कॉकट्रिस नावाचा कोंबड्यासारखा प्राणी आहे. तो चावला तर माणूस जादूने २४ तास दगड होऊ शकतो. असा माणूस दगड झाल्याबरोबर एक तास अँटीमॅजिकच्या वर्तुळात राहिला आणि मग बाहेर आला. तो आणखी किती तास दगड राहील? लक्षात ठेवा, जादू थांबली तरी घड्याळ थांबत नाही!

उत्तर पुढच्या अंकात.

तुमच्या बाई