कपाटाबाहेरचे धन

ग्रंथप्रेमीचे सुख खर्चिक नसते. नव्या पानांचा वास, जुन्या प्रतीवर कुणीतरी घातलेले नाव आणि तारीख, समासात अनोळखी वाचकाने ओढलेली पेन्सिलीची रेघ. एवढ्यावर त्याची संध्याकाळ सार्थकी लागते.

आयुष्य बँकेत गेल्याने या सुखाचा हिशेब मला विलक्षण वाटतो. पैसा उसना दिला की गाठीचा तेवढा कमी होतो. पुस्तक दिले तरी वाचलेले आपल्याजवळच राहते, शिवाय त्यावर बोलायला एक माणूस मिळतो. पाचगणीजवळच्या भिलारने हे ओळखले. २०१७ साली ‘पुस्तकांचे गाव’ झालेल्या या स्ट्रॉबेरीच्या गावात लोकांनी आपल्या घरांतली जागा पुस्तकांना दिली. कोणीही यावे, बसून वाचावे.

आपल्याकडे वडीलधाऱ्यांची पुस्तके बहुधा कुलपात राहतात आणि त्यांच्या पश्चात रद्दीवाल्याच्या तराजूत जातात. तराजूवर ज्यांची घरे उभी राहिली, त्यांना तरी हा तोटा कळावा. पेढीवर, गादीशेजारी, एक फळी पुस्तकांसाठी राखावी. दुपारी गिऱ्हाईक नसते तेव्हा आपण वाचावे. कुणी मागितले तर वहीत नाव लिहून द्यावे. ही उधारी थकली तरी पुस्तक कुठेतरी वाचले जातच असते.