आमचा सातबारा अजिंठ्यात

वडील गेल्यावर सातबाऱ्यावर आईचं, बहिणीचं आणि माझं नाव लावायचं होतं. प्रश्नोत्तरांच्या एका संकेतस्थळावर (नाव घेत नाही, उगाच जाहिरात) मी विचारलं: 'वारसा हक्काने आलेल्या शेतजमिनीच्या नोंदीला कोणते कागद लागतात?' विषयांची यादी उघडली. कायदा होता, शेती होती, कुटुंब होतं, राशिभविष्यसुद्धा होतं, महसूल नव्हता. निवडायचा एकच. मी घुटमळलो, तेवढ्यात यंत्रानेच मेहेरबानी केली. 'वारसा' हा शब्द दिसताच प्रश्न 'पर्यटन व वारसास्थळे' या खणात भिरकावला. दुसऱ्या दिवशी पहिलं उत्तर आलं. अजिंठा-वेरूळ हिवाळ्यात पाहावं, असं एका सज्जनांनी आपुलकीने कळवलं होतं.

हसा खुशाल, मीही हसलो. पण जमीन महसूल संहितेप्रमाणे वारसाने तीन महिन्यांत कळवायचं असतं, आणि ते दिवस अजिंठ्याची वाट बघत थांबत नाहीत.

सज्जनांचा दोष नाही. ते लेण्यांसाठी त्या खणात बसले होते, त्यांनी लेण्यांबद्दल सांगितलं. ज्या वकिलाला किंवा निवृत्त महसूल कारकुनाला उत्तर पाठ होतं, त्याच्या डोळ्यांपुढे माझा प्रश्न कधी आलाच नाही. वर्गीकरण ही शोभेची पाटी नव्हे. प्रश्न कुणाला दिसणार, हे तीच ठरवते. आणि हा निर्णय कुणावर ढकलला आहे? ज्याला त्या विषयातलं काहीच कळत नाही, म्हणून जो विचारायला आला आहे, त्याच्यावर! दवाखान्याच्या दारात पेशंटलाच विचारावं, 'आधी तुमचा आजार सांगा, मग डॉक्टर देतो', तशातली ही गत.

एका प्रश्नाला एकच खण, ही खोड जुनी. 2005 साली सुरू झालेल्या याहू आन्सर्सने अशीच विषयांची झाडं लावली होती. 2021च्या मे महिन्यात ते दुकान कायमचं बंद झालं. प्रोग्रामरांचं स्टॅक ओव्हरफ्लो त्या मानाने शहाणं. तिथे एका प्रश्नाला पाचपर्यंत टॅग लावता येतात. पण नवा टॅग काढायला गाठीशी 1500 गुण लागतात. अडलेल्याकडे गुण कुठले? त्याने जुन्याजाणत्यांच्या शब्दांतच अडावं, अशी व्यवस्था. तरीही पाच खिडक्या एकीपेक्षा बऱ्या, एवढं मी मान्य करतो.

मला चीड येते ती या मंडळींच्या अडाणीपणाची, कारण हे कोडं आपल्याच देशात कधीच सुटलं आहे. एस. आर. रंगनाथन या मद्रासच्या ग्रंथपालाने 1933 साली द्विबिंदू वर्गीकरण छापलं. विषय एका खणात कोंबू नका, त्याचे पैलू सुटे करा, असं त्यांचं म्हणणं. व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थल, काल. त्याच चालीवर माझा प्रश्न ढोबळपणे उलगडा: वस्तू शेतजमीन, क्रिया वारस नोंद, स्थळ महाराष्ट्र, काळ आजचा. नुसतं 'शेतजमीन' जरी कुणी वाचलं असतं, तरी आमचा सातबारा लेण्यांत गेला नसता. इंग्रजीत 'हेरिटेज' वेगळं आणि 'इनहेरिटन्स' वेगळं. मराठीत दोन्हींच्या पोटात वारसाच. इंग्रजी यादीवर मराठी पाट्या ठोकून ही भाषा आम्हाला येते म्हणणाऱ्यांना एवढं तरी कळायला हवं होतं. 2011च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींच्या वर होते. आमच्यासाठी एक 'महसूल' लिहायला कितीशी शाई लागते?

शेवटी तलाठ्याकडे गेलो. ज्या सरकारी दप्तराला आपण उठताबसता नावं ठेवतो, त्या दप्तरात फेरफाराला गाव नमुना सहा आहे, आणि वारसांच्या प्रकरणांना वेगळा सहा-क. तलाठ्याने मला विषय निवडायला लावला नाही. 'वारस किती? मृत्यूचा दाखला आणलाय?' एवढंच विचारलं.

संकेतस्थळावरचा माझा प्रश्न अजून पर्यटनातच आहे. परवा त्याखाली तिसरं उत्तर आलं: अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी.