तुरुंगाबाहेरच्या माणसाचा हिशेब

तुरुंगात एखाद्या कैद्याने आत्महत्या केली, तर शासनाची यंत्रणा निदान कागदोपत्री तरी हलते. चोवीस तासांच्या आत राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला कळवावे लागते, दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी होते आणि तुरुंगांच्या वार्षिक आकडेवारीत त्या मृत्यूची नोंद होते. परंतु न्यायालयाने तुरुंगाऐवजी परिवीक्षेवर सोडलेल्या माणसाने तशाच निराशेपोटी जीवन संपविले, तर त्याची फाइल बंद होण्यापलीकडे फारसे काही घडत नाही. दोघेही न्यायालयाच्या आदेशानेच शासनाच्या देखरेखीखाली असतात. मग एकाच्या मृत्यूचा हिशेब ठेवावयाचा आणि दुसऱ्याचा नाही, हा भेद कोणत्या तत्त्वावर?

परिवीक्षेची कल्पना आपल्याकडे नवी नाही. मुंबई प्रांताने १९३८ साली यासंबंधी कायदा केला आणि १९५८ साली संसदेने अपराधी परिवीक्षा अधिनियम संमत केला. मृत्युदंड वा जन्मठेप ज्यास होऊ शकत नाही, अशा गुन्ह्यातील दोषी व्यक्तीस चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी मुक्त करण्याची तरतूद त्यात आहे. परिवीक्षा अधिकाऱ्याने केवळ पाळत न ठेवता सल्ला व साहाय्य द्यावे, आवश्यक तेथे योग्य रोजगार मिळवून देण्याचा प्रयत्न करावा, असे कलम १४ सांगते. दोषसिद्धीमुळे येणारी कायदेशीर अपात्रताही कलम १२ ने दूर केली आहे. मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आणि मालकाच्या नजरेतील अपात्रता कोणत्याही कलमाने दूर होत नाही.

येथे अर्थकारणाचा एक साधा नियम ध्यानात घ्यावयास हवा. कैद्याच्या अन्नवस्त्राचा, पहाऱ्याचा व औषधोपचाराचा खर्च सरकारी तिजोरीतून होतो. परिवीक्षेत तो वाचतो, असे आपण मानतो. वस्तुतः त्याचा मोठा भाग दुसऱ्याच्या माथी जातो. हजेरीच्या दिवशी बुडणारी मजुरी, वकिलाची फी, द्यावी लागणारी नुकसानभरपाई, गेलेली नोकरी आणि मोडलेली सोयरीक, हे सारे त्या कुटुंबाच्या खात्यावर पडते. २०२२ साली देशात १ लाख ७० हजारांहून अधिक आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत चौथ्या हिश्श्याहून अधिक माणसे रोजंदारीवर जगणारी होती आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. या आकडेवारीत शिक्षण, व्यवसाय, उत्पन्न यांचे रकाने आहेत. परिवीक्षेवरील व्यक्तींचा मात्र रकाना नाही.

इंग्लंड व वेल्समध्ये समाजात राहून देखरेखीखाली असणाऱ्यांच्या मृत्यूंची आकडेवारी न्याय मंत्रालय दरवर्षी प्रसिद्ध करते आणि त्यात आत्महत्यांचा वेगळा उल्लेख असतो. या गटातील आत्महत्येचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा कितीतरी पटींनी अधिक असल्याचे तेथील संशोधकांना आढळले. मोजदाद झाली म्हणूनच प्रश्नाचे स्वरूप उमगले.

गुन्हा करणाऱ्यांचे एवढे लाड कशाला, असा आक्षेप यावर घेतला जाईल. परंतु न्यायालयाने त्या व्यक्तीस सुधारण्याची संधी दिलेली असते, आणि त्या संधीच्या काळात ती जिवंत राहावी, ही अपेक्षा काही अवाजवी नव्हे. दोष एकट्या परिवीक्षा अधिकाऱ्यावर टाकणेही अन्यायाचे ठरेल. महिला व बाल विकास विभागाच्या या अधिकाऱ्यावर बालकांच्या प्रकरणांपासून गृहचौकशीपर्यंत अनेक कामांचा भार असतो. शिवाय ज्याच्या अहवालावर आपले स्वातंत्र्य अवलंबून आहे, त्याच्यापुढे माणूस मन मोकळे तरी कसे करणार? मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याकडे तीव्र तणावाखालील व्यक्ती म्हणून पाहण्याचे बंधन घातले, हे खरे. पण ही गोष्ट त्या माणसाला कोणी तरी समजावून सांगितली पाहिजे.

उपाय फार खर्चाचे नाहीत. परिवीक्षेच्या काळातील प्रत्येक मृत्यूची नोंद व्हावी, आणि शिक्षेसाठी नव्हे तर बोध घेण्यासाठी त्याची चौकशी व्हावी. आदेशानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत भेटी अधिक असाव्यात. हजेरी चुकली, तर न्यायालयास कळविण्यापूर्वी कारणाची विचारपूस व्हावी. जीव द्यावासा वाटतो काय, हे थेट पण आपुलकीने विचारण्याचे प्रशिक्षण अधिकाऱ्यांना मिळावे. असे विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत चुकीची आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाशी या कार्यालयांची जोडणी व्हावी आणि बंधपत्रावर सही घेतानाच टेली-मानसचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक त्या व्यक्तीच्या व तिच्या कुटुंबीयांच्या हाती द्यावा.

तुरुंगाचा खर्च वाचविणाऱ्या शासनाने त्या बचतीतील अल्पसा वाटा माणूस वाचविण्यासाठी खर्च करावा, एवढीच ही मागणी आहे. ती पुरी झाल्याखेरीज परिवीक्षेला सुधारणा म्हणण्याचा अधिकार शासनास पोहोचत नाही.