परतीचा प्रवास आणि कराचा हिशेब

पदव्युत्तर शिक्षण संपवून इंदूरचे तरुण डॉक्टर अनुभवासाठी विलायतेस जातात, ही परंपरा जुनी आहे. हल्ली त्यांतील काहीजण ‘मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्ह’ या योजनेतून तात्पुरत्या व्हिसावर जातात. मुदत कमाल २४ महिन्यांची. ती संपली की मायदेशी परतावयाचे. परतल्यावर दवाखान्याची जागा, यंत्रसामग्री, मुलांची शाळा या सर्वांचा विचार होतो. आयकराचा मात्र विवरणपत्राची मुदत संपत आली म्हणजे होतो. हा क्रम बदलला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘परदेशातून आल्यावर दोन-तीन वर्षे तिथल्या उत्पन्नावर इथे कर नाही’, असा समज आपल्यात रूढ आहे. हा सल्ला देणारे बहुधा पंधरा-वीस वर्षे अमेरिकेत राहून आलेले ज्येष्ठ असतात, आणि त्यांच्यापुरता तो खराही असतो. परंतु या सवलतीसाठी आधीच्या १० वर्षांपैकी ९ वर्षे अनिवासी असावे लागते, अथवा आधीच्या ७ वर्षांतील भारतातील वास्तव्य ७२९ दिवसांहून अधिक नसावे लागते. दोन वर्षे बाहेर राहिलेला डॉक्टर त्या ७ पैकी सुमारे ५ वर्षे इथेच असतो. त्यास ही सवलत कशी मिळावी? २०२५ च्या नव्या आयकर कायद्यानेही हे निकष कायम ठेवले आहेत.

दुसरा समज १८२ दिवसांचा. डिसेंबरात परतलो, म्हणजे यंदा अनिवासीच, असे मानले जाते. वस्तुतः आधीच्या ४ वर्षांत ३६५ दिवस भारतात राहिलेल्यास त्या वर्षी ६० दिवसही निवासी ठरवू शकतात. या नियमातील सवलत भेटीस येणाऱ्या भारतीयांसाठी आहे; कायमचे परतणाऱ्याने ती गृहीत धरू नये. निवासी ठरल्यास १ एप्रिलपासूनचे ब्रिटनमधील वेतनही येथील विवरणपत्रात दाखवावे लागते.

एकाच उत्पन्नावर दोनदा कर बसू नये म्हणून उभय देशांत करार आहे. तिथे भरलेल्या कराची वजावट मिळते. मात्र त्यास पुरावा लागतो. ब्रिटनचे करवर्ष ६ एप्रिलला सुरू होते, म्हणून वेतनपत्रके महिनावार जपावीत. नोकरी सोडताना मिळणारा ‘पी-४५’ हाती असावा. मध्येच वर्ष सोडल्याने अधिक कापला गेलेला कर ‘पी-८५’ अर्जाने परत मागता येतो. परंतु परत मिळालेल्या कराची वजावट येथे मागता येत नाही.

तिथले बँक खाते उघडे राहिले असेल, तर त्याचीही नोंद परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात हवी. ती न केल्यास १० लाख रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर वगळता २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेस या दंडातून सूट मिळाली; नोंदीचे कर्तव्य मात्र टळलेले नाही.

ऐकीव माहितीवर औषध घेऊ नका, असे आपण रुग्णास रोज बजावतो. मग स्वतःच्या कराबाबत ज्येष्ठांचे ऐकीव सल्ले का स्वीकारावेत? आपल्या संस्थेने दरवर्षी एक संध्याकाळ, जाणाऱ्या आणि परतणाऱ्या सदस्यांसाठी, जाणकार सनदी लेखापालांच्या मार्गदर्शनास राखून ठेवावी. सत्कार-समारंभाइतकीच तीही सेवा ठरेल.