साडेचार तासांत लंडन?

लेक किंवा सून लंडनला असली की बाळंतपणाच्या निमित्ताने घरात विमानाचे वेळापत्रक येते आणि मग सारे घर गणिताला बसते. समजा, थंडीच्या दिवसांत विमान दुपारी २ वाजता मुंबईहून निघते आणि संध्याकाळी ६-३० ला लंडनला उतरते. "अगबाई, साडेचारच तास! एवढ्या वेळात आपली एस. टी. पुण्याहून कोल्हापूरलाही पोचवत नाही!" मग परतीचे पान उलटावे. रात्री ९ ला निघालेले विमान मुंबईला पोचते दुसऱ्या दिवशी सकाळी ११-३० ला. म्हणजे साडेचौदा तास! येताना स्वारी वाटेत कुठे मुक्कामाला थांबते की काय?

गोम घड्याळात आहे. सुटण्याची वेळ इथली, पोचण्याची तिथली; आणि लंडनचे घड्याळ थंडीत आपल्यामागे साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. (ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळाचे काटे तासभर मागे घेतात, ऐन दिवाळीच्या सुमारास जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.) यावर एक घरगुती तोड आहे. साडेचार आणि साडेचौदा यांची बेरीज करा. घड्याळांचा फरक आपोआप कटतो, उरतात १९ तास. जाताना दहा, येताना नऊ.

पण तासाभराचा फरक कशाने? दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार झोत वाहतो. जाताना विमान त्याच्या तोंडावर, येताना तोच पाठीशी. थंडीत त्याचा जोर अधिक.

अंतर म्हणाल तर सरळ मोजून सुमारे ७,२०० किलोमीटर. घरातल्या पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहा. तो कराचीच्या बाजूने, कॅस्पियन समुद्र आणि युक्रेनवरून जातो. विमानाला मात्र दोऱ्यावरून जाता येतेच असे नाही. २०२२ मध्ये युद्ध पेटले आणि युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांना बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननेही आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले. वळसा पडला की वेळ वाढलाच. तरी बरे, ८ जून १९४८ ला 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघाली, ती कैरो आणि जिनिव्हाला थांबे घेत!

हे सारे गणित मौजेचे खरे, पण जिला मधुमेहाची सुई टोचून घ्यावी लागते त्या आजीबाईंना ते नेमके यायला हवे. शरीराला वेळापत्रकातले साडेचार तास ठाऊक नसतात. त्याचे दहा तास जातात, शिवाय विमानतळावरचे आधीचे तीन. निघण्यापूर्वी डॉक्टरांना हे खरे तास कागदावर लिहून दाखवावेत आणि सुई केव्हा, जेवण केव्हा, हे त्यांच्याकडून त्याच कागदावर लिहून घ्यावे. औषध हातातल्या पिशवीतच असू द्या. विमानाच्या पोटातल्या सामानात ते गोठण्याची भीती असते.