लेटरहेडवरचा अनुभव

एमबीएच्या प्रवेशात नोकरीचा अनुभव हा आता अर्जातला शोभेचा रकाना राहिलेला नाही. इंडियन स्कूल ऑफ बिझनेसच्या मुख्य अभ्यासक्रमाला किमान २४ महिन्यांची पूर्णवेळ नोकरी लागते. अहमदाबादच्या आयआयएमच्या एक वर्षाच्या पीजीपीएक्सला चार वर्षांची. बेंगळुरूच्या आयआयएममध्ये दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची निवड करतानाही अनुभवाचे महिने मोजून गुण दिले जातात. कॅटमध्ये ९९ पर्सेंटाइलच्या वर गेलेल्या उमेदवारांत फरक दशांशाचा उरतो. अशा ठिकाणी १९ महिन्यांचे २४ करून दाखवण्याचा मोह अनेकांना होतो, आणि त्या मोहावर जगणारा धंदाही उभा राहिला आहे.

हा धंदा चोरून चालत नाही. समाजमाध्यमांवर उघड जाहिराती असतात. ऑफर लेटर, पगाराच्या पावत्या, रिलीव्हिंग लेटर असा पूर्ण संच मिळतो. कंपनीची वेबसाइट असते, तिच्या नावाचा ई-मेल असतो आणि चौकशीचा फोन उचलून ‘हो, आमच्याकडेच होते’ असे सांगणारा माणूसही असतो. ‘बीजीव्ही क्लिअर करून देऊ’, म्हणजे पार्श्वभूमीच्या पडताळणीतून पार करू, हे आश्वासन त्या किमतीतच येते. नोव्हेंबर २०२२ मध्ये अ‍ॅक्सेंचरने भारतातल्या काही कर्मचाऱ्यांना काढले, ते अस्तित्वातच नसलेल्या कंपन्यांची अनुभवपत्रे देऊन ते नोकरीत शिरले होते म्हणून. नोकरी मिळवायला जी पत्रे चालतात, ती प्रवेशाच्या अर्जाला जोडायला कुणाचा हात थांबणार आहे?

म्हणून पडताळणी हवीच, यात दुमत नाही. अमेरिकेतल्या नामांकित संस्थांनी हे काम वीसएक वर्षांपूर्वीच हाती घेतले. बर्कलीच्या हास स्कूलने २००३ साली निवड झालेल्या शंभरेक जणांची माहिती तपासली आणि पाच जणांचे प्रवेश रद्द केले. हार्वर्डमध्ये आज प्रवेश मिळालेल्या प्रत्येकाची बाहेरच्या संस्थेकडून चौकशी होते आणि ती पूर्ण होईपर्यंत प्रवेश सशर्तच राहतो. आपल्याकडेही मोठ्या संस्था हे काम खासगी एजन्सींकडे सोपवू लागल्या आहेत. आमची तक्रार आहे ती या एजन्सी ज्या पद्धतीने काम करतात, तिच्याबद्दल.

एजन्सीचा कर्मचारी कंपनीच्या एचआरला ई-मेल पाठवतो. रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, हुद्दा, शेवटचा पगार, पुन्हा नोकरीवर घ्याल का, एवढेच त्यात विचारलेले असते. उत्तर जुळले की अहवालावर हिरवा रंग, विसंगती आढळली की लाल. उत्तरच आले नाही तर पिवळा, आणि त्यापुढे तीन अक्षरे: यूटीव्ही, म्हणजे पडताळणी होऊ शकली नाही. मोठ्या आयटी कंपनीतून आलेल्या मुलाचे काम दोन दिवसांत होते. बनावट कंपनीचा ‘एचआर’ तर ई-मेलची वाटच पाहत असतो, त्याचे उत्तर त्याच दिवशी येते.

आता कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या पंधरा माणसांच्या कास्टिंगच्या कारखान्यात दोन वर्षे खरोखर राबलेल्या अभियंत्याचे काय होते ते पाहा. तिथे एचआर नावाचा विभागच नसतो. मालक, त्यांचा मुलगा आणि हिशेब बघणारे एक काका, एवढेच ऑफिस. या मुलाने ऑर्डरी घेतल्या, कास्टिंगच्या रिजेक्शनवरून ग्राहकाच्या शिव्या खाल्ल्या, महिनाअखेरीस थकलेली बिले वसूल केली. व्यवस्थापनाच्या वर्गात बसायला याहून चांगली तयारी कोणती? पण त्याचा पगार काही महिने पाकिटातून रोख मिळाला. भविष्य निर्वाह निधीचा कायदा सर्वसाधारणपणे वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला लागतो, त्यामुळे त्याच्याकडे यूएएन क्रमांक नाही. अनुभवपत्र आहे ते लेटरहेडवर, रबरी शिक्का आणि मालकांचा मोबाइल नंबर असलेले. गुरुग्रामहून अनोळखी नंबरवरून हिंदीत फोन येतो, मालक मशिनपाशी असतात, फोन कापतात. दोन-तीन प्रयत्न होतात आणि अहवालावर पिवळा रंग चढतो.

खोटे बोलणारा हिरवा आणि राबलेला पिवळा, असा निकाल देणाऱ्या पद्धतीला पडताळणी म्हणणे आम्हाला मान्य नाही. हा दोष दूर करणे अशक्यही नाही. बँकेच्या खात्यातल्या नोंदी, कारखान्याचे जीएसटी विवरण, हजेरीपुस्तकाचे पान, सोबत काम केलेल्या एखाद्या माणसाशी त्याच्या भाषेत दहा मिनिटे बोलणे, हे सगळे करता येते. शिवाय मुलाखत असतेच. ज्याने कास्टिंगचा कारखाना आतून पाहिला आहे, त्याला भट्टीचे वीजबिल आणि रिजेक्शनचे प्रमाण विचारले की खरे-खोटे पाच मिनिटांत कळते. त्यासाठी मुलाखत घेणाऱ्या प्राध्यापकाने लहान उद्योगाबद्दल थोडे कुतूहल मात्र दाखवले पाहिजे.

सर्व चुका एकाच मापाने मोजू नयेत, हेही इथेच सांगायला हवे. रुजू होण्याची तारीख आठवडाभर पुढेमागे होणे, ‘असिस्टंट’चे ‘असोसिएट’ लिहिले जाणे, यासाठी खुलासा मागावा आणि तो नीट वाचावा. अस्तित्वातच नसलेल्या कंपनीचे पत्र जोडणे ही फसवणूक आहे. तिथे प्रवेश रद्द झालाच पाहिजे. आणि तो वर्ग सुरू होण्याआधी रद्द झाला पाहिजे. सत्र सुरू होऊन दोन महिन्यांनी लबाडी उघड झाली, तर जागा रिकामी राहते आणि प्रतीक्षायादीवरचा प्रामाणिक उमेदवार तोवर दुसरीकडे लाखो रुपये फी भरून बसलेला असतो. त्याचे नुकसान कुणीच भरून देत नाही. म्हणून पडताळणी अंतिम यादीच्या आधी व्हावी आणि किती प्रवेश कोणत्या कारणाने रद्द झाले, ते नावे न देता दरवर्षी जाहीर व्हावे. लोकांच्या पैशावर उभ्या असलेल्या आयआयएमकडून एवढी अपेक्षा ठेवणे गैर नाही.

थोडी जबाबदारी आपल्या लहान उद्योजकांचीही आहे. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मुलामुलींना पहिल्याच दिवशी नियुक्तिपत्र द्या, पगार बँकेतून द्या, सोडून जाताना तारखांसह अनुभवपत्र द्या. आणि कधी एखाद्या एजन्सीचा फोन आलाच, तर मशीन घटकाभर दुसऱ्याच्या हाती देऊन त्या मुलाने तुमच्याकडे काय काम केले, ते सविस्तर सांगा.