चित्रकथा आणि आपण

‘कॉमिक्समधून कसली आली आहे प्रेरणा?’ हा प्रश्न मला नेहमी ऐकावा लागतो. माझे उत्तर एकच : केइजी नाकाझावा.

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला, तेव्हा हा जपानी चित्रकथाकार सहा वर्षांचा होता. शाळेच्या भिंतीआड होता म्हणून वाचला. वडील, बहीण व धाकटा भाऊ गेले. पुढे टोकियोत चित्रकथांवर पोट भरताना त्याने या विषयाला बगलच दिली. १९६६ साली आई वारली. दहनानंतर पाहतो तो राखेत अस्थीदेखील नाहीत! त्या संतापाने त्याची लेखणी हिरोशिमाकडे वळली. १९७३ पासून मुलांच्याच एका साप्ताहिकात ‘अनवाणी गेन’ येऊ लागली. तिच्यातील चेहरे मला आजही ओबडधोबड वाटतात. पण तुडवला तरी पुन्हा ताठ उभा राहणारा गहू त्याच रेषेने काढला आहे, आणि तो विसरता येत नाही.

आमची मित्रमंडळी मांगातील टपोरे डोळे वहीत गिरवतात. खुशाल गिरवावेत, हात बसतो. परंतु नाकाझावाकडून घ्यायचे ते डोळे नव्हेत. जे सांगायचे आपण टाळत आलो, तेच काढायला बसणे. दुष्काळावरच्या कविता वार्षिकांकात दरवर्षी येतात. मग संपादकहो, दुष्काळावरची चित्रकथा का नको?